केसभर मागं

बाहेरगावचा माणूस परभणीत उतरून 'दम मिस्त्री कुठं बसतो' असं विचारायचा, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं धापा टाकणारा, छाती धरून बसलेला कुणी म्हातारा असायचा. प्रत्यक्षात जिंतूर रोडला निंबाखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये जो भेटायचा, त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी होती. दमा त्याला कधीच नव्हता. दम हा त्याचा शब्द होता. चाकाचं बेरिंग बसवलं, ग्रीस भरलं, नट कसला, की पाना तसाच नटावर ठेवून तो हात बाजूला घ्यायचा. एक श्वास सोडायचा. मग पाना पुन्हा धरून नट केसभर मागं घ्यायचा आणि म्हणायचा, "घ्या. आता ह्याला दम घेऊ द्या."

त्याच्याकडं मी बरीच वर्षं जात होतो. माझी जुनी पिकअप होती. येलदरीच्या धरणावरून मासळी उचलायची, बर्फात घालायची, परभणीत टाकायची आणि बाजाराच्या दिवशी ताडकळसला न्यायची, हा माझा धंदा. तो मी सोडला. का सोडला हे मी घरी एक सांगितलं, पाहुण्यांना दुसरं सांगितलं. मिस्त्रीबद्दल लिहायला बसलोय तर तेही लिहावं लागणार आहे. पण आधी मिस्त्री.

त्याच्याजवळ बाभळीची एक काठी होती. हातभर लांब, एका टोकाला दातांच्या खुणांनी खरबरीत झालेली. गाडी जॅकवर चढवायची, चाक हातानं गरगर फिरवायचं, आणि काठीचं एक टोक चाकाच्या मधल्या गड्ड्याला लावून दुसरं टोक मिस्त्री दातात धरायचा. डोळे मिटायचा. शेडमधली माणसं तेवढा वेळ खामोश. कुणी खाकरलं तरी तो काठी काढून त्याच्याकडं बघत राहायचा, तो माणूस बाहेर जाईपर्यंत. कानाला लावून का ऐकत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "कान माणसांचं ऐकून ऐकून खराब झालेला असतो. दातानं आजून काई ऐकलेलं न्हाई."

गाडीच्या मालकालाही तो काठी दातात धरायला लावायचा. एकदा एक सरपंच आले होते, कडक इस्त्रीचे कपडे, बरोबर चार माणसं.

"धरा दातात. गाडी तुमची हाय, दुखणं तुमीच ऐका."

"अहो, उष्टी आहे ती."

"गाडीला इचारा, तिला चालतंय का."

सरपंचांनी धरली. चाक फिरलं, आणि त्या भल्या माणसाचा चेहरा असा काही उतरला की जणू घरातल्या कुणाची बातमी कळली. "आतमधी कुणी तरी खडे चावायलंय," ते हळूच म्हणाले. मिस्त्री खूश झाला. त्यांना त्यानं स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. एरवी सरपंच असो की साहेब, मिस्त्रीच्या शेडमध्ये चहा ज्याचा त्यानं ओतून घ्यायचा.

रस्त्यावर गाडी बघायची तर तो पुढं बसायचा नाही. मागं हौद्यातल्या फळ्यांवर आडवा व्हायचा, गाल लाकडाला लावून. मला सांगायचा, डावीकडं वळव, आता उजवीकडं, आता गेअर काढून नुसती सोड. "डावीकडं वळताना आवाज वाढला तर दुखणं उजव्या चाकात. वजन ज्या अंगाला पडतं ते अंग रडतं," तो म्हणायचा. टायर बोलतं आणि बेरिंग रडतं, हा त्याचा आणखी एक हिशेब. रस्ता बदलला की टायरचं बोलणं बदलतं, डांबरावर एक, खडीवर दुसरं. बेरिंगला रस्त्याचं काही देणंघेणं नाही. गाडी पळेल तसं त्याचं रडणं चढत जातं. हे त्यानं मला इतक्यांदा ऐकवलं, इतक्यांदा मागच्या काचेवर बोटं वाजवून "हे आता टायर की बेरिंग?" असं विचारलं, की पुढं पुढं मी चुकेनासा झालो.

टेपवर मात्र त्याचा राग होता. टेप म्हणजे पेन ड्राइव्ह लावायचा डबा, पण आम्ही टेपच म्हणायचो. गाडी शेडमध्ये शिरली की मिस्त्री आधी त्या टेपचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचा. परत द्यायचं त्याच्या ध्यानात राहायचं नाही. मला वाटतं ते मुद्दाम असायचं. त्याच्या खिशात निरनिराळ्या गाड्यांचे फ्यूज खुळखुळत असायचे आणि परभणी ते जिंतूर कितीतरी गाड्या मुक्या फिरत असायच्या.

मला तो मासळ्या म्हणायचा. नावानं त्यानं मला कधीच हाक मारली नाही. "कान हाय तुला, मासळ्या. हात न्हाई. तुझ्या हातातून लोखंड सुळकन निसटतं." लोक हसायचे. मीही हसायचो. एकदा घाई होती, बर्फ वितळत होता, म्हणून त्याचा पाना उचलून मीच नट खोलायला गेलो. पाना घसरला, नटाचे कोपरे गेले. मिस्त्रीनं माझ्या हातातून पाना घेतला, हौदाजवळ गेला, आणि सगळ्यांसमोर तो पाना साबण लावून धुतला. वास घेतला. पुन्हा धुतला. मग धोतराच्या सोग्याला पुसून जागेवर ठेवला. शेडमधली माणसं हसून बेजार झाली. मी तेव्हा हसलो नाही. वरवरचंसुद्धा नाही.

गयाबाई मात्र त्याला पुरून उरायची. ती माझ्याच गाडीतून मासळी नेऊन ताडकळसच्या बाजारात विकायची. पुढं बसली की कोंडल्यासारखं होतं म्हणून मागं क्रेटवर बसायची, डोक्यावर पदर घट्ट बांधून. गाडी शेडमध्ये असली की ती निंबाच्या पारावर. मेलेलं प्रत्येक बेरिंग मिस्त्री त्या निंबाला तारेनं टांगून ठेवायचा. वारा सुटला की झाड किणकिणायचं.

"मिस्त्रीभाऊ, झाडाला लोखंडाचे कांदे लय लागले यंदा."

"खाली बसू नका गयाबाई. एखादा पडंल."

"पडू द्या. तुमचं मटण खाणं न्हाई, मासळी न्हाई, निदान माझं डोकं तरी फुटू द्या, तेवढंच रगत सांडलं म्हणायला."

"शनिवार हाय माझा."

"काल बी शनिवार, आज बी शनिवार. तुमच्या घरी कॅलेंडर छापणारा मेला काय?"

मिस्त्रीची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक मानवतला दिलेली. दिवसभरात तो कुणाशी हसून बोलत असेल तर ह्या एका बाईशी, आणि तेही तोंड इंजिनात घालून, म्हणजे हसलेलं दिसू नये.

त्या आठवड्यात माझी गाडी रडायला लागली होती. पुढचं उजवं चाक. मिस्त्रीनं काठी लावली, मला धरायला दिली, नवं बेरिंग बसवलं. मी शेजारी उभा होतो. त्यानं नट कसला. हात बाजूला घेतला. श्वास सोडला. नट केसभर मागं घेतला, पिन घातली, टोपी ठोकली. "घे." सगळं मला दिसलं. आजही दिसतं. त्याच्या मनगटावर ग्रीसचा एक ठिपका होता आणि त्यात निंबाचं वाळलेलं पान चिकटलेलं होतं, तेही दिसतं.

निघताना गयाबाई म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, त्या लेकराचा फ्यूज द्या की परत. मागं बसून बसून माझा जीव जातो, गाणं तरी ऐकू द्या."

मिस्त्रीनं खिशात हात घातला, फ्यूज धुंडाळून काढला, आणि माझ्या हातावर न ठेवता तिच्या हातावर ठेवला. "तुमी म्हंता म्हून."

बाजाराच्या दिवशी सकाळी येलदरीहून निघालो तर जिंतूरजवळ तेच चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्यानं चाक बसवताना वरून-खालून धरून हलवलं. "भाऊ, चाक हलायलंय. कोण बसवलं?"

"दम मिस्त्रीनं."

"म्हातारा झाला त्यो आता."

चाक हलत होतं, हे खरं. केसभर. तेवढं हलायलाच पाहिजे होतं, हेही मला माहीत होतं. पण साबण लावून धुतलेला तो पाना माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. आपल्यालाही हात आहे, हे कुणाला दाखवायचं होतं कोण जाणे. तिथं बघणारं होतं तरी कोण? मी टोपी काढली, पिन काढली, पान्याला पाइप जोडला आणि बसेल तेवढा नट कसला. पंक्चरवाल्यानं चाक हलवून बघितलं. "आता दगड झालं."

गयाबाई क्रेटवरून वाकून बघत होती. "दादा, मिस्त्रीभाऊ तर मागं घेतात की."

"बसा मावशी. बर्फ चाललाय."

परभणी सोडली आणि आवाज सुरू झाला. आधी बारीक. मग चढत गेला. डांबर बदललं तरी बदलला नाही. मला काठीची गरज नव्हती. गयाबाईनं मागची काच वाजवली. "दादा, रडायलंय!"

मी टेप मोठा केला.

तिनं पुन्हा वाजवली. मला आरशात तिचा हात दिसला, बांगड्यांसकट, काचेवर पालथा. ताडकळस जवळ आलं होतं, बाजार भरला होता, मासळी मऊ पडायला लागली होती. एवढंच होतं. मी थांबलो नाही, ह्याला याहून मोठं कारण माझ्याकडं नाही. पुलाच्या अलीकडच्या वळणावर चाक जाम झालं, आतला दांडा तुटला आणि गाडी मागच्या अंगानं कलंडली. मला खरचटलं. क्रेट सगळे गयाबाईवर गेले. बर्फातून तिला काढलं तेव्हा ती थंडगार लागली. मला वाटलं बर्फामुळं लागली असेल. रस्त्यावर लोक जमले. काही बाईला उचलत होते, काही मासळी.

कुणीतरी विचारलं, "कसं झालं?"

मी म्हणालो, "परवाच दम मिस्त्रीकडून बेरिंग टाकून आणलं होतं."

वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. पुढचं काम ते वाक्य आपलं आपण करत गेलं. संध्याकाळपर्यंत ते परभणीत पोचलं. पंक्चरवाल्याला कुणी काही विचारलं नाही. त्याला विचारा म्हणून सांगू शकणारा मी एकटाच होतो. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "दम मिस्त्रीनं बाईचा दम घेतला," आणि ज्या शब्दावर त्याचं नाव उभं होतं तो शब्द त्याच दिवशी उलटा झाला.

चौकीच्या आवारात गाडी आणून टाकली होती. मिस्त्री तिथं पायी आला. काठी आणली नव्हती. तुटलेल्या दांड्यावरचं बेरिंग त्यानं सोडवून घेतलं, अंगठ्यानं काजळी पुसली. खालचं लोखंड निळं पडलं होतं, कबुतराच्या मानेसारखं. ते त्यानं उन्हात धरलं.

"ढिलं राहिलं असतं तर असं निळं झालं नसतं," तो म्हणाला. "हे कसून मेलं. दम मिळाला न्हाई ह्याला."

मला वाटलं, ह्याला कळलं. आणि खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

मग तो माझ्याकडं वळला. "मासळ्या, तू हुतास. मी नट मागं घेतला का रे?"

त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. तो मला विचारत होता. स्वतःच्या हाताबद्दल, ज्याला हात नाही म्हणून तो हिणवायचा त्याला. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न एकच उरत होता, मग कसला कुणी?

मी म्हणालो, "ध्यानात न्हाई, मामा."

त्यानं मान हलवली. "माझ्या बी न्हाई," म्हणाला. "रोजचंच काम. हात आपला आपण करतो, बघतो कोण?" आणि ते निळं बेरिंग खिशात घालून, फ्यूज असायचे त्या खिशात, तो निघून गेला.

शेड त्यानं स्वतःहून बंद केली. लोक हळूहळू विसरलेही असते, गाड्या आल्याही असत्या. पण त्यानं झाडावरची बेरिंगं उतरवून भंगारात दिली, हत्यारं वाटून टाकली, आणि लेक येऊन त्याला मानवतला घेऊन गेली. मी गाडी विकली. आता एका खताच्या दुकानात बसतो. त्याची खबर मी काढली नाही.

मग अलीकडं एकदा त्याचा जावई दुकानात आला. त्यानं मला ओळखलं नाही. पोती भरून होईपर्यंत सहज बोलत होता. म्हणाला, सासरे घरात हायत, तकलीफ तशी काई न्हाई, पण घरातली एक वस्तू घट्ट राहू देत न्हाईत. साखरेच्या डब्यात मुंग्या, लोणच्याला बुरशी, नळ रात्रंदिवस टपकतो. पलंगाचे नट ढिले करून ठिवले, पोरगं पडलं त्याच्यावरून. "इचारलं तर म्हणतात, दम घेऊ द्या त्याला."

त्या आठवड्यात मी मानवतला गेलो.

तो ओट्यावर बसला होता. छाती आत गेली होती. मला त्यानं आवाजावरून ओळखलं. "मासळ्या! वास येईना की रे तुझा."

"सोडली मासळी, मामा."

लेकीनं पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेली. माझ्या पिशवीतली पाण्याची स्टीलची बाटली मी ओट्यावर ठेवली, आणि बसल्या बसल्याच बोलायला लागलो. वाटभर जुळवलेलं काहीच आठवलं नाही. "मामा, नट तुमी मागं घेतला होता. मी बघितला. मंग जिंतूरला पंक्चर झालं तवा मी कसला."

तो हसला. "तू कसला? तुला पाना धरता येतो का?"

"पाइप घालून कसला. बसंल तेवढा."

"लेकीनं सांगावा धाडला व्हय तुला? माझं मन राखायलास." त्यानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मी त्याच्याकडं गेलो त्या सगळ्या वर्षांत त्यानं मला हात लावला तो एवढाच. "तू कसला असतास तर आवाज आला असता. आवाज आला असता तर तू थांबला असतास. कान हाय तुला. मीच तयार केलेला कान, मला ठाव न्हाई व्हय? तू थांबला न्हाईस म्हंजे आवाज नव्हता. एकदम धरलं त्यानं. माझ्या हातानं धरलं."

लेक चहा घेऊन दारात उभी राहिली होती. पुढं आली नाही.

"आवाज होता, मामा," मी म्हणालो. "गयाबाईनं काच बी वाजवली. दोनदा. मी टेप मोठा केला."

त्याचं हसणं थांबलं. गुडघ्यावरचा हात त्यानं काढून घेतला. मला वाटलं आता तो शिव्या देईल, मारेल. मी त्याचसाठी गेलो होतो असं आता वाटतं. पण तो माझ्याकडं बघतच नव्हता. तो शर्टाचा खिसा चाचपत होता. रिकामा.

"टेप," तो म्हणाला. "म्हंजे फ्यूज हुता गाडीत."

"हाव."

"मीच दिला की तो. तिच्या हातावर ठिवला." त्यानं आपला तळवा उलगडून बघितला. "एरवी कुणाला देत न्हाई मी. त्या दिवशी दिला बघ."

मी म्हणालो की त्यात तुमचा काय दोष, मामा, नट मी कसला, आवाज मी दाबला. जे जे बोलता येतं ते सगळं बोललो. ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. एक ओझं उतरवायला गेलो होतो, ते उतरलं की नाही माहीत नाही. दुसरं चढलं, एवढं मात्र माझ्या डोळ्यांदेखत चढलं.

निघताना लेक फाटकापर्यंत आली. तिनं ऐकलं होतं. मी वाट बघत उभा राहिलो. ती एवढंच म्हणाली, "दादा, तवा आला असतात तर ऐकलं असतं त्यांनी." आणि फाटक लावून घेतलं. कडी घातली नाही. त्या घरात कडी नीट बसतच नसणार.

परभणीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली तेव्हा पँट भिजायला लागली. बाटली काढून बघितली. झाकण केसभर मागं फिरवलेलं होतं. बोलता बोलता कधी फिरवलं, मला दिसलं नव्हतं. पाणी थेंब थेंब गळत होतं. शेजारचा माणूस म्हणाला, "भाऊ, झाकण कसा की."

मी बाटली तशीच धरून बसलो.